जीविताचे पावित्र्य कोठवर?

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस रोमजवळील कास्तेल गांदोल्फो येथे पत्रकारांनी पोप लिओ चौदावे यांना अमेरिकेतील एका वादाविषयी छेडले. शिकागोचे कार्डिनल क्युपिच हे सिनेटर रिचर्ड डर्बिन यांचा स्थलांतरितांसाठी केलेल्या कार्याबद्दल सन्मान करणार होते. डर्बिन स्वतः कॅथॉलिक. परंतु गर्भपाताच्या कायदेशीर हक्काचे ते पाठीराखे असल्याने काही बिशपांनी या सन्मानाला उघड विरोध केला होता. लिओ यांनी सन्मान द्यावा की न द्यावा याचा निवाडा केला नाही. त्यांनी एवढेच म्हटले की, गर्भपाताला विरोध करणारा पण फाशीच्या शिक्षेला अनुकूल असणारा मनुष्य खऱ्या अर्थाने जीविताचा पक्षपाती नव्हे. आणि अमेरिकेत स्थलांतरितांना मिळणाऱ्या अमानुष वागणुकीशी सहमत असणाऱ्यालाही तसे म्हणवून घेता येईल की नाही, याची शंका आहे. वाद इतका पेटला होता की डर्बिन यांनी तो सन्मान स्वीकारण्याचेच टाळले.

पोपच्या या उत्तराने अमेरिकेतील सनातनी कॅथॉलिक दुखावले, हे समजण्यासारखे आहे. आपल्याकडील पुरोगामी वर्तुळाने मात्र त्याची फारशी दखल घेतली नाही, हे तितकेसे समजण्यासारखे नाही. कॅथॉलिक धर्मपीठ म्हटले की गर्भपाताला आणि संततिनियमनाच्या साधनांना विरोध करणारी एक जुनी सत्ता, एवढेच चित्र या वर्तुळाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. माणसाच्या जीविताचे पावित्र्य कोठून कोठवर मानायचे, या प्रश्नावर त्या धर्मपीठात गेल्या साठ वर्षांत जे विचारमंथन झाले, त्यात फाशीच्या प्रश्नावरचे मतांतर सर्वांत मोठे आहे. आणि मानवी समतेवर श्रद्धा ठेवणाऱ्या प्रत्येकाने ते बारकाईने पाहावे अशा योग्यतेचे आहे.

या चर्चला फाशीचे वावडे होते असे मुळीच नाही. तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी मृत्युदंडाचे समर्थन दोन युक्तिवादांनी केले. पहिला परिचित आहे : समाज हे एक शरीर असून सडलेला अवयव कापून टाकल्यानेच शरीर वाचते. दुसरा अधिक खोल, आणि म्हणून अधिक भयंकर आहे. पाप करणारा मनुष्य विवेकाची मर्यादा सोडतो, स्वतःच्या मानवी प्रतिष्ठेपासून ढळतो आणि पशूच्या पातळीला उतरतो. तेव्हा माणसाला मारणे स्वभावतः वाईट असले तरी अशा पाप्याला मारणे पशूला मारण्यासारखेच योग्य ठरू शकते. म्हणजे प्रतिष्ठा ही हरपू शकणारी चीज झाली. एकदा ती हरपली असे ठरले की पुढचे काम मांगाचे नव्हे, तर तर्कशास्त्राचे.

आणि पुढचे काम झालेही. पोप जेव्हा मध्य इटलीचे राजेही होते त्या काळात जोव्हान्नी बात्तिस्ता बुगात्ती नावाचा इसम त्यांच्या राज्याचा अधिकृत वधकर्ता होता. एरवी तो छत्र्या रंगवून पोट भरी. १७९६ ते १८६४ या काळात आपल्या हातून गेलेल्या माणसांची नोंद त्याने स्वतःच ठेवली होती. ती संख्या ५१६ भरते. निवृत्तीनंतर पोप नववे पायस यांनी त्याला वेतनही बांधून दिले. नोव्हेंबर १८६८ मध्ये मोंती आणि तोन्येत्ती या दोघा बंडखोरांचा शिरच्छेद याच राजवटीने केला. पोपच्या राज्यातील शेवटचा देहदंड जुलै १८७० चा; त्यानंतर दोन महिन्यांतच इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या आणि पोपचे राज्य संपले. मृत्युदंड थांबला तो अंतःकरण द्रवल्याने नव्हे, राज्य गेल्याने, असेच म्हणावे लागते. कारण १९२९ साली व्हॅटिकन हे चिमुकले राज्य पुन्हा अस्तित्वात आले, तेव्हा पोपच्या जिवावर उठणाऱ्याला देहदंड, अशी तरतूद त्याच्या कायद्यात आवर्जून घातली गेली. ती कधी वापरली गेली नाही आणि १९६९ साली पोप सहावे पॉल यांनी ती काढून टाकली.

हा पूर्वेतिहास उगाळण्याचे कारण टिंगल करणे हे नाही. जेथून निघाले ते ठिकाण माहीत असल्याशिवाय किती अंतर कापले हे कळत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात, म्हणजे कॅटेकिझममध्ये, अत्यंत गंभीर प्रसंगी मृत्युदंडाला जागा ठेवलेली होती. मार्च १९९५ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी 'जीवनाची शुभवार्ता' या अर्थाच्या परिपत्रकात म्हटले की, समाजाचे रक्षण दुसऱ्या कोणत्याही मार्गाने होत नसेल तरच ही शिक्षा समर्थनीय ठरेल आणि आधुनिक राज्यात असे प्रसंग अतिशय विरळ, जवळजवळ नसल्यातच जमा आहेत. १९९७ मध्ये ग्रंथातील मजकूर त्यानुसार बदलला. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी उरलीसुरली फटही बुजवली : मृत्युदंड अग्राह्य आहे, कारण तो व्यक्तीच्या अभंग प्रतिष्ठेवरचा हल्ला आहे, आणि अत्यंत घोर अपराध केल्यानंतरही ती प्रतिष्ठा हरपत नाही.

शेवटचे विधान पुन्हा वाचावे. अक्वायनस यांनी जे म्हटले होते त्याच्या नेमके उलट टोक आहे हे. प्रतिष्ठा कमवावी लागत नाही, म्हणून ती गमावताही येत नाही. सनातनी कॅथॉलिक विद्वानांनी याच जागेवर बोट ठेवले आणि चर्चची शिकवण सनातन असेल तर ती उलटी कशी होते, असा सवाल केला. प्रश्न बिनतोड आहे. 'शिकवणीचा विकास' हे जे उत्तर रोमने दिले ते कितपत पटते, हे ज्याचे त्याने ठरवावे. तर्काच्या परीक्षेत गुण थोडे कमी पडले तरी चालतील. माणसांना वाचवण्याच्या बाजूने झालेली ही विसंगती आहे.

हा बदल केवळ पोपांच्या अभ्यासिकेत घडला, असे मात्र समजू नये. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील हेलन प्रेजीन ही जोगीण १९८१ साली न्यू ऑर्लिन्समधील गरीब कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहावयास गेली. त्या वस्तीत राहिल्यानंतरच तिला फाशीच्या कोठडीतील एका कैद्याशी पत्रव्यवहार करण्याची विनंती झाली आणि १९८४ साली त्याचा विजेच्या खुर्चीवरचा मृत्यू तिला डोळ्यांनी पाहावा लागला. तो कैदी निष्पाप नव्हता. दोन तरुणांच्या खुनाचा तो अपराधी होता. प्रेजीनने हे कधी लपवले नाही. बळी गेलेल्यांच्या कुटुंबांकडे आपण आधी गेलो नाही याची खंत तिने पुढे बोलून दाखवली आणि अशा कुटुंबांसाठीही काम उभे केले. १९९३ मध्ये तिचे पुस्तक आले. पुढे तिने जॉन पॉल यांना पत्र लिहून विचारले की, ज्याला बांधून आणले आहे, जो आता कोणालाच इजा करू शकत नाही, त्याला ठार मारण्यात कसली आली प्रतिष्ठा? जानेवारी १९९९ मध्ये जॉन पॉल सेंट लुइसला आले असता त्यांनी मिसुरीच्या गव्हर्नरकडे एका कैद्याच्या प्राणांची याचना केली, आणि धर्माने बॅप्टिस्ट असलेल्या त्या गव्हर्नरांनी ती मान्य केली. गरीब वस्तीतून तुरुंगात आणि तुरुंगातून रोमला, असा हा विचाराचा प्रवास आहे. धर्मग्रंथ त्यानंतर बदलले.

व्यवहारात या शिकवणीची वाटणी कशी होते याचे उदाहरणही अमेरिकेतच पाहावे. जुलै २०२० ते जानेवारी २०२१ या सहा महिन्यांत तेथील संघसरकारने तेरा कैद्यांना ठार केले. त्यापूर्वीच्या अर्ध्या शतकात ही संख्या अवघी तीन होती. या मोहिमेचा आरंभ करणारे अॅटर्नी जनरल विल्यम बार हे निष्ठावंत कॅथॉलिक. मोहीम ऐन भरात असताना, सप्टेंबर २०२० मध्ये, राष्ट्रीय कॅथॉलिक प्रार्थना-न्याहारी या समारंभात त्यांचा ख्रिस्ती सेवेबद्दल गौरव झाला! जीविताच्या पावित्र्याची पताका खांद्यावर घेणाऱ्यांनाच हे खटकले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी संघसरकारच्या चाळीसपैकी सदतीस कैद्यांची फाशी रद्द केली. तेही कॅथॉलिकच, आणि गर्भपाताच्या हक्काचे समर्थक. ज्याला जो अर्धा सोयीचा, तो त्याने उचलला.

असे अर्धे उचलणे चर्चच्या स्वतःच्या दस्तऐवजांना धरून नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये संमत केलेल्या, आधुनिक जगातील चर्चविषयीच्या दस्तऐवजात जीवितद्रोही गोष्टींची एक यादी आहे. खून, वंशसंहार, गर्भपात, इच्छामरण ही तिच्यात आहेतच. पण त्यांच्याच पंक्तीला छळ, बेकायदा अटक, हद्दपारी, गुलामगिरी, माणसाला न शोभणारी राहणी आणि कामगाराला नफ्याचे केवळ हत्यार समजणारी कामाची परिस्थिती हीदेखील बसवली आहेत. एकाच परिच्छेदात, एकाच निषेधाखाली. शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी डिसेंबर १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात जे व्याख्यान दिले, ते याच यादीवरचे भाष्य म्हणता येईल. त्याच वर्षी अमेरिकन बिशपांनी अण्वस्त्रांविरुद्ध जे पत्र काढले त्याच्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्यांचे म्हणणे असे की, गर्भातील दुर्बळाच्या जगण्याचा हक्क सांगणाऱ्याने भुकेले, बेघर, म्हातारे, कागदपत्रे नसलेले स्थलांतरित आणि बेकार कामगार यांच्या जगण्याच्या गुणवत्तेसाठीही तितक्याच उघडपणे उभे राहिले पाहिजे. आणि हे करांच्या, रोजगाराच्या, आरोग्याच्या धोरणांत दिसले पाहिजे. शुभवर्तमानातील येशूच्या बिनशिवणीच्या झग्याची उपमा या विचाराला चिकटली. झगा फाडून वाटून घेता येत नाही, हा त्यातला मथितार्थ.

या विचाराचा कामगारांशी संबंध कसा पोचतो, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळील राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११३४ माणसे गाडली गेली. बहुतेक तयार कपडे शिवणाऱ्या कामगार स्त्रिया. भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते, तरीही त्यांना कामावर बोलावण्यात आले. त्यानंतर आठवड्याने, १ मे रोजी, पोप फ्रान्सिस म्हणाले की या लोकांना महिन्याला ३८ युरो मिळत होते, आणि याला गुलामीचे श्रम म्हणतात. त्याच वर्षी त्यांनी बहिष्कार आणि विषमता यांवर उभी असलेली अर्थव्यवस्था माणसे मारते, असे लिहिले. येथे 'मारते' हा अलंकार नव्हता. वसईतील वाचकांना हा सूर अनोळखी वाटणार नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पाणी, जमीन आणि झाडे वाचवण्यासाठी उभारलेल्या हरित वसईच्या लढ्यात तो मराठीतून ऐकू आला होता.

येथवर सगळे गोड झाले. आता जेथे या झग्याची शिवण उसवते ती जागाही पाहिली पाहिजे.

सविता हलप्पनवार ही एकतीस वर्षांची दंतवैद्य, माहेर बेळगावचे. २८ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधील गॉलवे येथे रक्तातील जंतुदोषाने तिचा मृत्यू झाला. सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झाले होते. तिने आणि तिच्या पतीने गर्भ काढून टाकण्याची विनंती केली. पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते, आणि तेथील कायदा आड आला. हा कॅथॉलिक देश आहे, अशा आशयाचे उद्गार तेथील एका सुईणीने काढल्याचे चौकशीत नमूद झाले. उपचारांतील हेळसांडही चौकशीत उघड झाली, हे खरे. आईचे प्राण वाचवण्यासाठी आवश्यक असलेल्या उपचारात गर्भ दगावला तर चर्चची शिकवण त्याला हत्या मानत नाही, असा खुलासा आयरिश बिशपांनी केला, हेही खरे. पण खुलासा सविता गेल्यावर आला. मे २०१८ मध्ये आयर्लंडच्या जनतेने दोनतृतीयांश मतांनी घटनेतील ते कलम रद्द केले. फ्रान्सिस यांनी फाशीवरची शिकवण बदलली ती त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी. एका प्रश्नावर चर्च लोकांच्या पुढे होते, दुसऱ्यावर लोक चर्चला मागे टाकून गेले होते.

फरक कशात आहे? फाशीच्या कोठडीत जाऊन बसलेल्या बाईचे ऐकून चर्चने आपला ग्रंथ बदलला. गर्भाच्या प्रश्नावर ज्या देहात तो गर्भ वाढतो त्या बाईचे ऐकण्याची तशी तयारी दिसलेली नाही. गर्भाचे मोल काहीच नाही, असे म्हणण्याची येथे गरज नाही. महाराष्ट्रातील स्त्री-चळवळीच्या आणि आरोग्य-चळवळीच्या कार्यकर्त्यांनी लढून १९८८ साली गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा करवून घेतला. पण त्यासाठी त्यांनी १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यावर घाला घातला नाही. मुलीचा गर्भ नको म्हणणारी व्यवस्था आणि आपल्या देहाविषयी निर्णय घेणारी स्त्री यांत त्यांनी भेद केला. हा विवेक रोमच्या दस्तऐवजांत सापडत नाही. व्हॅटिकनने एप्रिल २०२४ मध्ये काढलेल्या मानवी प्रतिष्ठेविषयीच्या घोषणापत्रात दारिद्र्य, युद्ध, स्थलांतरितांचे हाल, माणसांचा व्यापार, स्त्रियांवरील हिंसा हे सारे आहे. गर्भपाताचा परिच्छेद मात्र पूर्वीइतकाच कठोर आहे.

परंतु रोमचे दोष मोजताना स्वतःच्या घराकडे पाहण्याचे विसरू नये. वर्गशत्रू हा माणूस राहिलेला नसतो, हे सोव्हिएत राजवटीचे गृहीत अक्वायनस यांच्या पशूहून फारसे वेगळे नव्हते. १९४७ साली तेथे मृत्युदंड रद्द झाला आणि १९५० च्या जानेवारीत देशद्रोही व हेर यांच्यासाठी परत आणला गेला. प्रतिष्ठा हरपते, असे एकदा मान्य केले की ती कोणाची हरपली हे ठरवणारे खाते उघडावे लागते, मग खात्याच्या दारावर क्रूस असो की विळा-हातोडा.

भारतात या शिकवणीची कसोटी मध्य प्रदेशातील उदयनगरच्या मातीत लागली. केरळातून आलेली सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातील आदिवासी शेतमजुरांना सावकारीच्या पाशातून सुटण्याचे मार्ग शिकवीत असे. त्यात ज्यांचे हितसंबंध दुखावले त्यांच्या चिथावणीने २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, तिला भोसकून ठार करण्यात आले. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मारियाच्या धाकट्या बहिणीने, तीही जोगीणच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे कुटुंबाने आणि चर्चने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ मध्ये तो सुटला. नोव्हेंबर २०१७ मध्ये राणी मारियाला चर्चने धन्य घोषित केले, त्या इंदूरच्या सोहळ्याला तो हजर होता. क्षमेची ही कथा प्रवचनांतून पुष्कळ सांगितली जाते. ती मारली गेली ती कर्ज आणि मजुरी यांच्या प्रश्नावर, हा भाग सांगताना आवाज बहुधा हळू होतो.

कायद्याच्या दरबारात मात्र क्षमेची नव्हे, हक्काची भाषा लागते, आणि ती आपल्याकडे फार पूर्वी उच्चारली गेली आहे. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशीच्या अपिलांवर चर्चा चालू असता डॉ. आंबेडकरांनी सांगितले की, अपिलाचा अधिकार देत बसण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला आपला पाठिंबा राहील. ज्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत 'व्यक्तीची प्रतिष्ठा' हे शब्द आहेत, तिच्या शिल्पकाराचे हे मत. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली 'दुर्मिळातील दुर्मिळ' ही कसोटी घातली. तिच्या जाळ्यात कोण सापडतात, हे दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसले : फाशी ठोठावलेल्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बळ, आणि तितकेच मागास जातिजमाती वा धार्मिक अल्पसंख्याकांतले. त्याआधी वर्षभर, ऑगस्ट २०१५ मध्ये, न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने दहशतवाद व युद्ध यांखेरीज इतर गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करण्याची शिफारस केली होती. ती तशीच पडून आहे. २०२३ च्या नव्या न्यायसंहितेतही फाशी कायम राहिली.

महाराष्ट्राचेच एक प्रकरण आहे. २००३ सालच्या एका दरोडा, बलात्कार व खुनांच्या खटल्यात भटक्या जमातींतील सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी ठोठावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच योग्य ठरवली. मग मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने फेरविचारात सहाही जणांना निर्दोष ठरवून सोडले, तपासातील दोषांवर कडक ताशेरे ओढले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. दहा वर्षांपूर्वी शिक्षेची अंमलबजावणी झाली असती, तर भरपाई घेण्यास कोणी उरले नसते.

डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात शक्ती विधेयक मंजुरीसाठी आले. स्त्रियांवरील अत्याचारांनी अस्वस्थ झालेल्या समाजाला काहीतरी करून दाखवणे सर्वच पक्षांना भाग होते, आणि ते काहीतरी म्हणजे बलात्काराच्या घोर गुन्ह्यांना फाशी. विधेयक विधानसभेत एकमताने संमत झाले. राष्ट्रपतींची संमती त्याला पुढे मिळाली नाही, ही गोष्ट वेगळी. ते सहा जण निर्दोष ठरून तुरुंगाबाहेर आले, त्याला तेव्हा पुरती तीन वर्षेही झालेली नव्हती.